त्याचे चाकू, माझा जळफळाट

कापणीचा हंगाम आला की मला एका गोऱ्या माणसाचा राग येतो. त्याने माझं काही बिघडवलेलं नाही. आमची कधी भेट झाली नाही, होण्याची शक्यताही नाही. तो कुठल्या देशाचा, तेही मला धड सांगता यायचं नाही. पण दिवाळी उलटली, बांध्यांतलं पाणी आटलं, धानाच्या लोंब्या पिवळ्या पडून खाली झुकल्या, की बारा वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवतो. लोकांना या दिवसांत नव्या तांदळाच्या भाताचा वास आठवतो. मला चाकू आठवतात. त्याचे चाकू. एकूण पाच होते आणि पाचही मी आजसुद्धा अंधारात चाचपून ओळखीन, जरी त्यांतल्या एकालाही माझा हात लागलेला नाही.

काल शेजारच्या बांधीत हार्वेस्टर आला. बांधी म्हणजे आमच्याकडचं चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं धानाचं वावर. दहा बायांना दिवसभर पुरायचं ते काम त्याने माझा चहा थंड व्हायच्या आत संपवलं. डिझेलचा धूर आणि धानाचं बारीक कूस यांनी अंगाला खाज सुटली होती. माझी बायको वनमाला धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. यंत्राला वळताना कोपरे कापता येत नाहीत, तिथे थोडं थोडं धान उभंच राहतं. आज ते यंत्र आमच्या बांधीत येणार आहे. "कोपरे ठेवजा बापा माह्यासाठी," ती ड्रायव्हरला ओरडून म्हणाली. तो परमुलखातला पोरगा हसून म्हणाला, "रख दूँगा, भाभी." एवढ्याशा बोलण्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. पंचेचाळिशी उलटली तरी ही खोड जात नाही.

मला मत्सर चांगला येतो, जसं कुणाला पोहायला चांगलं येतं. शाळेत मला बाजूच्या बाकावरच्या पोराच्या अक्षराचा मत्सर वाटायचा. दुकान टाकलं तेव्हा समोरच्या दुकानाच्या रंगीत पाटीचा वाटला. लग्नाच्या फोटोत माझ्या मागे उभ्या असलेल्या मावसभावाची उंची अजून माझ्या डोळ्यांत खुपते. मत्सरी माणसाची नजर फार तीक्ष्ण असते, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, असा एक समज आहे. माझाही होता. त्यामुळे मी स्वतःच्या या खोडीला कधी फार नावं ठेवली नव्हती.

माझं अर्जुनी मोरगावला विजेच्या सामानाचं लहानसं दुकान आहे आणि जवळच्याच गावात घरची धानाची शेती. त्या काळी टीव्हीच्या छत्र्यांना जोर होता. सकाळी दुकान उघडायचं आणि दुपारी कुणाच्या तरी घरावर चढून, कवेलू फुटणार नाहीत असे पाय टाकत, छत्रीचं तोंड आभाळातल्या न दिसणाऱ्या जागेकडे वळवायचं. खालून घरातली माणसं ओरडायची, "आला! गेला! आला!" माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. वनमाला दरेकशाची. डोंगरातलं गाव, लहानसं स्टेशन, भोवती जंगल. तिचे वडील थोडी शेती करायचे आणि बाकीचे दिवस जंगलात बांबू तोडायला जायचे. आमच्या सपाट, तलावांच्या मुलखात तिला करमेना. संध्याकाळी ती अंगणात उभी राहून डोंगर कुठे दिसतो का पाहायची. मला वाईट वाटलं आणि मी हौसेने आमच्या घरावर छत्री बसवली. म्हणजे त्या माणसाला घरात मीच आणला. स्वतः कवेलूवर चढून, स्वतःच्या हाताने नट आवळून.

तो दिवेलागणीला टीव्हीवर यायचा. विमानातून उडी मारायचा, चिखलात लोळायचा, झाडाच्या सालीखालचे किडे काढून खायचा आणि जंगलातून वाट काढत कुठल्या तरी नदीला जाऊन मिळायचा. बोलायचा हिंदीत, म्हणजे त्याच्या हलत्या ओठांवर कुणीतरी दुसऱ्याचं हिंदी बसवलेलं असायचं. वनमालाला त्याच्या शौर्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "रस्ता चुकला मंते, अन् मांगं कॅमेरावाला उभा आहे," ती म्हणायची. त्याने मुंग्या खाल्ल्या की ती म्हणायची, "त्यात काय? आमच्या तिकडं चटनी करतेत." मी खूश व्हायचो. पण मग तो कमरेला हात न्यायचा, चाकू काढायचा, आणि वनमालाचं बोलणं थांबायचं. हातातला लसूण हातात राहायचा. फांदी सोलून होईपर्यंत तिची पापणी लवायची नाही.

पाच चाकू होते, म्हणालो ना. एक घडीचा, खिशात मावणारा, अंगठ्याने उघडायचा. एक काळ्या रबरी मुठीचा, त्याच्या पाठीला करवतीसारखे दात. एक साधा, लाकडी मुठीचा, त्याने तो लाकडाच्या इतक्या पातळ साली काढायचा की त्या केसांसारख्या गोल वळायच्या आणि ठिणगी पडताच पेटायच्या. एक रुंद, वाकडा, आमच्या कोयत्याच्या नात्यातला. आणि पाचवा इतका लहान की तो गळ्यात दोरीने अडकवायचा. हे सगळं मला वनमालामुळे ठाऊक. "काल काळ्या मुठीचा होता, आज लाकडाचा काहाडला," असं ती आपणहून सांगायची. दुकानाची किल्ली कोणत्या खुंटीला असते ते तिला सहा महिन्यांत सांगता येत नव्हतं. त्याच्या चाकूंचं मात्र सगळं पाठ.

मी स्वतःची समजूत घालायचो. आमच्या घरात सुरीच नव्हती. आमच्याकडे भाजी पावशीवर चिरतात. पावशी म्हणजे इकडची विळी. पाटावर पाय दाबून बसायचं आणि दोन्ही हातांनी वांगं पात्याकडे न्यायचं. पातं जागचं हलत नाही, हात हलतात. घराबाहेर इळा, म्हणजे कापणीचा विळा, आणि कुऱ्हाड. मुठीत धरून खेळवावं असं पातं आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याचंच नवल वाटत असेल, असं मी दिवसा म्हणायचो. संध्याकाळी पडद्याचा निळसर उजेड तिच्या गालावर पडला की ही समजूत टिकायची नाही. मी टीव्ही पाहतच नव्हतो. मी तिला पाहत होतो, ती त्याला पाहत होती, आणि माझ्या कानामागे ऊन ऊन होत होतं.

कापणी लागली. त्या वर्षी धान छान झालं होतं. सकाळी बांधीत उतरलं की पायाखाली ओल असायची, उभ्या धानात फेकलेल्या लाखोळीच्या डाळीची रोपं खाली दोन दोन पानांवर आलेली असायची, धुऱ्यावर तूर पिवळी फुललेली. बाया पदर खोचून ओळीने वाकायच्या. प्रत्येकीने आपला पट्टा धरायचा, त्याला पात म्हणतात. डाव्या हातात बुडखा धरायचा, उजव्या हाताने इळा ओढायचा, खर्र, आणि मूठभर धान बाजूला आडवं करायचं. या आडव्या पसरलेल्या कापलेल्या धानाला कडपा म्हणतात. दहा इळ्यांचा आवाज एका लयीत निघाला की बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठचे बगळेसुद्धा उडत नसत. कापलेल्या ताज्या धसकटाचा तो हिरवा, गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे. एकमेकांच्या बांध्यांत आलटूनपालटून जायची आमच्या गावात पद्धत होती. त्यामुळे कुणाचा हात कसा चालतो ते अख्ख्या गावाला ठाऊक असायचं.

वनमालाचा हात चालत नव्हता. बाकीच्या बाया पलीकडच्या धुऱ्याला टेकून पाणी प्यायला लागल्या तरी ती अर्ध्या पातीत. तिचा इळा कापण्याऐवजी ओढायचा, बुडखा मुळासकट हातात यायचा. पहिल्याच आठवड्यात तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. माझी माय तोंडाची फटकळ. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "जंगलातली पोरगी आनली. कुऱ्हाड मार मनलं तं मारन, इळा नाई चालत." बाया हसल्या. वनमाला मान खाली घालून बुडखे ओढत राहिली. मी संध्याकाळी तिला विचारलं, "लक्ष कुठं रायते वं तुहं?" तेवढ्यात तो लागला आणि तिने टीव्हीकडे पाहिलं. मला माझं उत्तर मिळालं.

दोनच दिवसांनी ती म्हणाली, "कापनी उरकली का मले दरेकशाले जाचं आहे."

"जा ना. किती दिवस?"

"पाहू मंग."

हे "पाहू" माझ्या ओळखीचं होतं. आमच्याच आळीतली एक सून असंच "पाहू" म्हणून माहेरी गेली होती. पहिली बोलावणी गेली, दुसरी गेली, ती आली नाही. मी दुकानात बसून वायरी सोलायचो आणि मनात एकच हिशेब चालायचा. ती मला त्याच्याशी ताडून पाहते. तो नदी पोहतो, मी बोडीच्या काठाला घसरतो. तो आग पेटवतो, मी फ्यूज बदलतो. ती परत आली नाही तर माय म्हणेल, बरं झालं. गाव म्हणेल, जंगलातली होती, जंगलात गेली. आणि खरं कारण फक्त मला ठाऊक असेल, तेही कुणाला सांगता येणार नाही असं.

मग मी ते केलं जे आता सांगताना हसू येतं. मी गोंदियाला गेलो आणि बाजारातल्या एका दुकानातून त्याच्यासारखा चाकू विकत घेतला. काळ्या मुठीचा, पाठीवर दात असलेला. दुकानदार म्हणाला, "सेम टू सेम टीवी वाला है भैया, लोहा काट देगा." किंमत मी अजून कुणाला सांगितलेली नाही, माय हयात आहे. सोबत पट्ट्याला अडकवायचं म्यान होतं. तो जिथे लावतो तिथेच, डाव्या कमरेला, मी ते लावलं. गाडीत बसल्यावर दोन-तीनदा काढून पाहिला. उजवा हात पोटावरून आडवा न्यावा लागायचा, म्यान अडायचं, मूठ उलटी हातात यायची. मला वाटलं, आपल्याला सवय नाही. त्याला असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी बंध करायचे होते. धानाचे भारे बांधायला बांबूच्या पातळ कमच्या काढतात, तेच बंध. अंगणात हिरव्या बांबूचा ढीग पडला होता. माय बांधीत गेली होती. वनमालाच्या बोटांना त्या दिवशी जास्तच लागलं होतं, म्हणून ती घरी होती आणि ओसरीवर पावशी घेऊन बसली होती. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि चाकू काढला. तिने पाहिलं. मी बांबूचा तुकडा उभा धरला, त्यावर पातं ठेवलं आणि तो मारतो तसा चाकूच्या पाठीवर लाकडाचा ठोकळा हाणला. पातं पेरापर्यंत गेलं आणि अडकलं. मी अजून जोरात हाणलं. लोखंड कापणारा तो चाकू बांबूच्या पेरात मुरगळला आणि त्याचं टोक एका बाजूला वळलं.

वनमाला हसली. लग्नानंतर ती एवढं मोकळं पहिल्यांदा हसली असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून आली, म्हणाली, "आना इकडं, पेरावर मारते का कोनी?" आणि तिने तो वाकडा चाकू बांबूतून हिसकून घेतला. दुसरा बांबू पायाच्या अंगठ्याने दाबला. पातं टोकाला नुसतं टेकवलं, मनगट जरासं फिरवलं, आणि बांबू चर्र करत उभा फाटत गेला. मग त्याचा अर्धा, अर्ध्याचा अर्धा, मग साल वेगळी, गर वेगळा. बघता बघता तिच्या पायाशी दहा-बारा सारखे बंध पडले. चिंध्या बांधलेल्या बोटांत चाकू होता. चिंध्या बांधलेली बोटं डाव्या हाताची होती.

"तू डाव्या हाताची आहेस?" मी विचारलं.

तिने चाकू लगेच उजव्या हातात घेतला. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला. मग म्हणाली, "मायबाईले नोका सांगू."

"म्हनून तुहा इळा चालत नाई?"

"इळ्याचे दाते एकाच अंगानं असतेत. डाव्या हातात धरला का घसरते. उजव्यानं मले जमत नाई." तिने बंध गोळा करायला सुरुवात केली. "तो टीवीवाला डाव्याच हातानं करते सारं. मी कोनी डाव्या हाताचा मानूस पायलाच नव्हता. अन् त्याले कोनी बोलत नाई."

मी तरीही विचारलं. माझ्यासारख्याला विचारल्याशिवाय राहवत नाही. "अन् तोंड? तोंड नाई आवडत त्याचं?"

"त्याच्या तोंडाकडं कोनाचं लक्ष?" ती म्हणाली. "सारे किडे तं खाते त्या तोंडानं."

मी ओसरीवर बसून राहिलो. सहा महिने ही बाई माझ्या घरात डाव्या हाताने झाडत होती, डाव्या हाताने मडक्यातून पाणी काढत होती, डाव्या हाताने माझ्या सदऱ्याची बटणं शिवत होती. कुणी समोर आलं की हात बदलत होती. आणि मी, तीक्ष्ण नजरेचा, तिच्या डोळ्यांत दुसरा माणूस शोधत होतो. त्या माणसाचा चाकू उजव्या कमरेला न लटकता डाव्या कमरेला का लटकतो, एवढंही मला दिसलं नव्हतं. मी त्याची नक्कल केली तीसुद्धा उलटी. मत्सरात माणूस जागा असतो, पण पाहत नसतो. हे कळल्यावर माझा मत्सर कमी व्हायला हवा होता. तो वाढला. आधी मला वाटत होतं की त्याने तिचं मन नेलं. आता कळलं की जे मी द्यायला हवं होतं ते त्याने दिलं, तेही हजारो कोसांवरून, तिचं नाव ठाऊक नसताना.

त्याच आठवड्यात बाजूच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. जिलेबी, बांगड्या, पाळणे, दंडारीचं लोकनाट्य, आणि एका कडेला भाता लावून बसलेला म्हातारा लोहार. मी त्याला म्हटलं, डाव्या हाताचा इळा पाहिजे. "कोनासाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने माझ्या हातात धानाची मूठ दिली, म्हणाला, कापून दाखव. मी डाव्या हाताने एकदा ओढलं आणि तो हसला. "ज्याचा हात त्याले आन. हात पायल्याशिवाय मी दाते पाडत नाई." मग बांगड्यांच्या दुकानातून वनमालाला बोलावून आणलं. त्याने तिचं मनगट धरून दोनदा वळवलं, तळहाताची रुंदी पाहिली, मुठीसाठी लाकूड निवडलं. "लय दिवसांनी असा हात पायला," तो म्हणाला. लोहारदादा सत्तरीच्या घरातला होता, तरी तिचं मनगट तो जरा जास्त वेळ धरून आहे असं मला वाटलंच. मग त्याने छिन्नी घेऊन पात्याच्या दुसऱ्या अंगाला एकेक दाता पाडला. टक्, टक्, टक्. वनमाला उकिडवी बसून प्रत्येक दाता पाहत होती.

खरं भांडण घरी होतं. माय म्हणाली, "डाव्या हातानं लक्ष्मी कापाची का? सात पिढ्यांत झालं नाई." धान म्हणजे लक्ष्मी, तिला डावा हात लावायचा नाही, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हटलं, "माय, पोरीचे बोटं पाय. उरलेले दोन तुटल्यावर उजवा चालन का?" मायने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "धुऱ्याकडची पात धरन ती. मधात नाई."

धुऱ्याकडची पात तिला सोयीचीच होती. मधे धरली असती तर तिचा इळा शेजारणीच्या इळ्याला भिडला असता. पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या बरोबर पोचली. दुसऱ्या दिवशी पुढे. तिसऱ्या दिवशी ती पलीकडे जाऊन पाणी पिऊन परत वळली तेव्हा माय अर्ध्या पातीत होती. बायांनी हसणं बंद केलं होतं. संध्याकाळी मी दुकानातून येऊन धुऱ्यावर उभा राहिलो तेव्हा अख्ख्या बांधीत कडपा एका दिशेने पडल्या होत्या, लोंब्या पूर्वेकडे. कडेच्या पट्ट्यातल्या तेवढ्या उलट, लोंब्या पश्चिमेकडे. वनमाला कुठून कुठे गेली ते लांबून कुणालाही कळलं असतं. भारे बांधायला माय त्या पट्ट्यापाशी आली. थांबली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि मग वळसा घालून पलीकडच्या बाजूने येऊन, तिथून उचलून बांधायला लागली.

मला वाटलं, झालं. आता कुठली जाते ती. पण कापणी उरकली तशी वनमालाने पिशवी भरली. आणि इळा पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातला. परत येणारी बाई इळा घरी ठेवून जाते. मी तिला गोंदियाला गाडी बदलून दिली, खिडकीतून म्हटलं, "कवा घ्यायला येऊ?" गाडी हलली. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. कदाचित "पाहू"च म्हणाली असेल.

आठ दिवस फोन लागला नाही. दरेकशाला तेव्हा रेंज नसायची. संध्याकाळी घरात मी, माय आणि तो. पहिल्यांदाच मी त्याला नीट पाहिलं, हातापासून वर. हात खरंच चांगला होता. पातं लाकडाला लावण्याआधी तो जरा थांबायचा, जणू लाकडाला विचारायचा. मला त्यात खोट काढायची होती, सापडली नाही. तो नदी ओलांडून गेला आणि मी टीव्ही बंद केला. सकाळी माय म्हणाली, "जाऊन पाय बरं. एकटीच्यानं माह्यानं मळनी होत नाई." मायच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

दरेकशाला उतरलो तेव्हा दिवस बराच वर आला होता. तिकडचं धान उशिरा येतं. उतारावरच्या लहानशा बांध्यांत कापणी चालू होती. माझे सासरे धुऱ्यावर बसले होते, हातातला दुपट्टा गुडघ्यावर टाकून. खाली वनमाला कापत होती. बाकीचे हात थांबवून तिच्याकडे पाहत होते. सासऱ्यांनी मला बाजूला बसवलं. मग म्हणाले, "जवाई, इच्या याच हातावर मी काडीनं मारत होतो. भाकर डाव्यानं धरली का मार, इळा डाव्यानं धरला का मार. वाटे, सासरी नाव ठेवतीन." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "येऊन मले मने, बाबा, तुमी फकस्त बसा अन् पाहा. आठ दिवसांपासून बसून पाहून राहिलो."

म्हणून तिने इळा आणला होता. माझ्या छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात सासरे पुढे म्हणाले, "टीवीत कोनी मानूस आहे मने, डाव्या हाताचा. पुरा जंगल एकटाच पार करते. त्याचंच सांगत रायते. साऱ्या गावाले सांगितलं पोरीनं."

झालं. गोंदियाला मी गेलो, चाकू मी वाकवला, लोहारासमोर खोटं मी बोललो, मायशी मी भांडलो. आणि दरेकशात नाव कुणाचं, तर त्याचं. वनमाला पाणी प्यायला वर आली. घामाने कपाळाला केस चिकटलेले, बोटांवरच्या चिंध्या गेलेल्या. मला पाहून हसली. मी हसलो नाही. सासरे जरा लांब गेल्यावर म्हटलं, "त्याचं सांगितलं साऱ्या गावाले. इळा कोनं करून देल्ला, ते काऊन नाई सांगितलं?"

तिने गडवा तोंडाला लावला, घटाघटा पाणी प्यायली आणि पदराने हनुवटी पुसली.

"तुमचं कायले सांगाचं?" ती म्हणाली. "परक्याचं सांगतेत मानसं. तुमी तं घरचे."

तिने उरलेल्या बांधीवरून नजर फिरवली, सूर्य कुठे आला ते पाहिलं.

"दोन पाती राहिल्या. धरा एक. उद्याच्या गाडीनं निघू, आपली मळनी राहिली आहे."